बंदूक आणि बिऱ्हाड

माझे वडील गेल्या माघात वारले. त्यांच्यामागे राहिलेल्या चीजवस्तूंत एक पितळी अडकित्ता, पंचांगांची चळत, दोन चष्मे आणि एक एकनळी काडतुशी बंदूक निघाली. पहिल्या तिन्हींचे काय करणार, हे विचारायला कोणी आले नाही. बंदुकीचे तसे नसते. परवाना वडिलांच्या नावाचा. परवानेदार गेला की ती वस्तू वारसाने तशीच घरात ठेवणे हा गुन्हा. तेव्हा मी ती त्यांच्याच जुन्या धोतरात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा केली, पावती घेतली आणि घरी आलो. यापुढे मार्ग दोनच. वारस म्हणून परवाना आपल्या नावावर मागायचा, नाहीतर बंदूक रीतसर विकून मोकळे व्हायचे.

वडिलांचा परवाना शेतीसंरक्षणाचा होता. आमच्या कोकणात असे परवाने पुष्कळ. भात पिकायला आले की डुकरे उतरतात, आंबा मोहोरला की वानरे येतात. वडील त्या दिवसांत रात्री मांगरात निजायला जात आणि पहाटे केव्हातरी एक बार काढीत. १९७२ साली वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाल्यापासून तो बार हवेतच निघे. आणि मला वाटते, त्यापूर्वीही तो बहुधा हवेतच निघत असावा. रानडुकराचे मांस आमच्या घरी कधी शिजल्याचे मला तरी स्मरत नाही.

मी बंदूक विकणारच होतो. पण आषाढात खालच्या वाडीत एका वृद्ध जोडप्याचे घर रात्री फोडले. पैसाअडका फारसा नव्हताच. म्हाताऱ्याला मात्र मारहाण झाली. आमचे घर त्याहूनही एकीकडे. तेव्हापासून माझ्या मनाने उलट खाल्ली. परवान्याच्या अर्जात बंदूक कशासाठी हवी हे लिहावे लागते. तेथे ‘स्वसंरक्षण’ असे लिहावे, असे मी ठरवले आणि संध्याकाळी सौ.च्या कानांवर घातले.

“घरात बंदूक नको,” ती म्हणाली.

“अगं, बाबा होते तेव्हा होतीच की.”

“मामंजी होते तेव्हा ती मामंजींची होती.”

तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला वाद घालताना एक खोड लागते. स्वतःचे म्हणणे अपुरे पडू लागले की तो कोणातरी थोर पुरुषाला हाताशी धरतो. मी मार्टिन ल्यूथर किंग यांना धरले. म्हटले, “हे बघ, अहिंसेचं एवढं नाव घेणारा माणूस. त्यानंसुद्धा १९५६ साली बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. घरावर बाँब पडल्यावर!”

“मिळाला?”

“नाही मिळाला.”

“आणि बाँब पडला तेव्हा ते कुठं होते?”

“सभेला.”

“आणि त्यांची बायको?”

“घरात.”

सौ. फणसाच्या आठळ्या सोलीत बसली होती. तिने पुढे काहीच विचारले नाही. पण मी हुकमाचे म्हणून टाकलेले पान तिने केव्हाच उचलले होते. वर्गात मी हा भाग वर्षानुवर्षे शिकवला. घरावर बाँब पडला, जमाव शस्त्रे घेऊन धावला, किंगनी ओसरीवरून भाषण केले, जमाव शांत होऊन परतला. ओसरी ओलांडून त्या घरात मी कधी शिरलोच नव्हतो. यंदाच्या पावसाळ्यात पुस्तके पुन्हा काढली आणि आत शिरलो. जे आढळले ते येथे मांडतो.

माँटगोमेरी हे अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्याच्या राजधानीचे शहर. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्याचे नाकारले आणि त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून शहरातील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. त्याच्या अध्यक्षपदी डेक्स्टर ॲव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चचे तरुण धर्मोपदेशक निवडले गेले; वय अवघे २६. पत्नी कोरेटाबाई त्यांच्याहून दीडपावणेदोन वर्षांनी मोठ्या, बोस्टनला गायनाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या. पहिली मुलगी योलांडा १७ नोव्हेंबरला जन्मलेली. म्हणजे ज्या दिवशी हा सारा भार त्या घरावर येऊन पडला, त्या दिवशी बाळंतिणीला तीन आठवडेही पुरते झाले नव्हते. आपल्याकडे सव्वा महिना झाल्याखेरीज तिला चुलीपाशी जाऊ देत नाहीत.

मग टेलिफोन सुरू झाले. रात्री-अपरात्री घंटा वाजे आणि पलीकडून शिव्या, नाहीतर जिवे मारण्याच्या धमक्या. २७ जानेवारी १९५६ च्या मध्यरात्री असाच एक टेलिफोन आला. त्यानंतर किंगना झोप लागेना. ते स्वयंपाकघरात गेले, कॉफी केली आणि टेबलाशी डोके धरून बसले. आतल्या खोलीत बायको आणि मूल निजलेले. त्या रात्री त्यांना जे ईश्वरी बळ मिळाले त्याविषयी त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे आणि चरित्रकारांनी ते आदराने नोंदले आहे. मला मात्र त्यातली घराची मांडणी लक्षात राहिली. काळजी करणारा माणूस बाहेर, ज्यांची काळजी तो करतो ती दोघे आत.

तीनच दिवसांनी, सोमवार ३० जानेवारीच्या रात्री सव्वानऊच्या सुमारास, किंग दुसऱ्या एका चर्चमधल्या सभेत बोलत असताना साउथ जॅक्सन रस्त्यावरील त्यांच्या घरावर बाँब टाकला गेला. कोरेटाबाई आणि त्यांच्या सोबतीला आलेली चर्चमधली एक बाई पुढच्या खोलीत होत्या. मूल मागच्या खोलीत झोपले होते. पुढच्या ओसरीवर काहीतरी जड आदळल्याचा आवाज आला. अशा वेळी माणूस काय करतो? दार उघडून बघतो. कोरेटाबाईंनी ते केले नाही. गेले काही दिवस येणाऱ्या टेलिफोनांनी त्यांना शहाणे केले होते. त्या दोघी घाईने मागच्या बाजूला सरकल्या, आणि तेवढ्यात स्फोट झाला. ओसरीचा खांब फाटला, पुढच्या खिडक्यांच्या काचा खोलीभर उडाल्या. दोघींना आणि बाळाला ओरखडाही उठला नाही.

पुस्तक मिटून मी क्षणभर स्वस्थ बसलो. समजा, त्या क्षणी पुढच्या खोलीत भरलेली बंदूक असती आणि ती चालवायची असे त्या घरात ठरलेले असते, तर ती बाई कोणत्या दिशेला गेली असती? बंदूक हातात घेतलेला माणूस मागे सरत नाही; तो दाराकडे जातो. दाराबाहेर त्या वेळी डायनामाइट जळत होते आणि ते टाकणारा पळून जात होता. म्हणजे ज्या प्रसंगामुळे किंगना बंदूक हवीशी वाटली, त्याच प्रसंगात ती हाताशी असती तर त्यांची पत्नी बहुधा वाचली नसती. हा माझा तर्क आहे, कोणा इतिहासकाराचा नव्हे. पण घराचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवला तर तो टाळता येत नाही.

किंग धावत घरी आले तेव्हा अंगणात शेकडो माणसे जमली होती. त्यांतल्या कित्येकांजवळ बंदुका, सुरे, फुटक्या बाटल्या होत्या. एकजण तर एका गोऱ्या शिपायाला, तुझ्याजवळही पिस्तूल आहे आणि माझ्याजवळही, मग होऊन जाऊ दे, असे आव्हान देत होता. शहराचे महापौर आणि पोलीस आयुक्त दिवाणखान्यात उभे. दोघांचे चेहरे उतरलेले. किंगनी आधी आत जाऊन बायकोमुलीला पाहिले आणि मग त्या मोडक्या ओसरीवर उभे राहून लोकांना, शस्त्रे घरी घेऊन जा, असे सांगितले. लोक गेले. ही हकीकत खरी आहे आणि मोठीही आहे.

पण रात्र तेथे संपली नाही. दोन्हीकडचे वडील धावून आले. किंगचे वडील अटलांटाहून आले; त्यांना मुलगा तेथून हलायला हवा होता. कोरेटाबाईंचे वडील मॅरियनजवळच्या आपल्या घरून आले. त्यांना मुलगी आणि नात घेऊन जायची होती. हे गृहस्थ भेकड नव्हते. १९४२ साली त्यांचे राहते घर जळाले होते आणि पुढे गोऱ्याला विकायला नकार दिल्यावर त्यांची लाकडाची गिरणीही जळून खाक झाली होती. घर जळणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. कोरेटाबाईंनी वडिलांना नाही म्हटले. माझी जागा इथे आहे, असे त्यांचे उत्तर. सासरा नवऱ्याला न्यायला आलेला, बाप आपल्याला न्यायला आलेला, आणि दहा आठवड्यांचे मूल मांडीवर; अशा वेळी तिने नाही म्हटले. चरित्रग्रंथांत या नकाराला दोनचार ओळी मिळतात. ती रात्री ‘हो’ म्हणती, तर पुढची अनेक पाने कदाचित लिहिली गेली नसती.

किंगनी स्वतः कबूल केले आहे की त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांचा राग उसळून आला. बायको आणि मूल मेले असते, या विचाराने द्वेषाच्या कडेपर्यंत आपण गेलो होतो, असे ते लिहितात. ओसरीवर लोकांना शस्त्रे ठेवायला सांगणारा आणि दोन तासांनी अंधारात दात खाणारा माणूस एकच. मला यात ढोंग दिसत नाही, नवरेपण दिसते.

१ फेब्रुवारीच्या रात्री चळवळीतले दुसरे पुढारी ई. डी. निक्सन यांच्या घराच्या आवारात डायनामाइट टाकले गेले. आता चर्चची माणसे हट्टाला पेटली: अंगरक्षक ठेवा, सशस्त्र पहारा बसवा. किंग प्रथम नको म्हणाले, मग डळमळले. शेरीफच्या कचेरीत जाऊन त्यांनी मोटारीत बंदूक बाळगण्याचा परवाना मागितला. तो नाकारण्यात आला.

या नकाराचा अर्थ मराठी वाचकाला उलगडून सांगायला नको. परवाना देणे-न देणे गोऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर, आणि बाँब टाकणाऱ्याला परवाना लागतच नाही! आपल्याकडे १८७८ साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत हत्यारांचा कायदा झाला, तेव्हा हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनाला माफी अशीच व्यवस्था होती. काँग्रेस वर्षानुवर्षे त्याविरुद्ध ठराव करीत राहिली. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरती करीत हिंडताना खुद्द गांधीजींनी काढलेल्या पत्रकात, एका राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, अशा आशयाचे वाक्य आहे. त्यांचे नाव घेऊन ‘बंदूक नको’ म्हणणाऱ्यांना हे पत्रक बहुधा ठाऊक नसते. बंदूक न बाळगणे आणि बंदूक बाळगू न देणे, यांत त्यांनी फार मोठा फरक केला होता. तेव्हा शेरीफने परवाना नाकारला म्हणून किंग निःशस्त्र राहिले, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. परवाना मोटारीतल्या बंदुकीसाठी मागितलेला. घरात एक हत्यार होतेच, आणि त्याचे काय करायचे हे शेरीफने ठरवलेले नाही.

ते ठरवले नवरा-बायकोने. किंग सांगतात की कोरेटाने आणि मी यावर कित्येक दिवस बोलणे केले, आणि अखेर शस्त्र हा उपाय नव्हे यावर आमचे एकमत झाले. मग घरातले एकुलते एक हत्यार आम्ही काढून टाकले. मित्रांच्या समाधानासाठी घराभोवती प्रखर दिवे लावले, चोवीस तासांचे बिनहत्यारी पहारेकरी नेमले आणि शहरात एकट्याने हिंडणार नाही असे वचन दिले. एवढाच मजकूर. कित्येक दिवस काय बोलणे झाले असेल, कोण कुठे अडून बसले, कोणी कोणाला काय ऐकवले, याविषयी एक अक्षर नाही. इतिहासात खलबतखान्यांची टिपणे राहतात. स्वयंपाकघरातली राहत नाहीत.

आणि हे काम वाटते तितके झटपट झालेले दिसत नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बायर्ड रस्टिन माँटगोमेरीत आले. गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करणारा हा कार्यकर्ता १९४८ साली भारतातही येऊन गेला होता. त्यांच्याबरोबर विल्यम वर्दी नावाचे वार्ताहर किंगच्या घरी गेले आणि एका खुर्चीत बसू लागले, तोच रस्टिननी त्यांना अडवले. खुर्चीवर पिस्तूल होते! ते कोणाचे, विचारता किंगनी सांगितले की आमच्यावर कोणी हल्ला केला तरच ते वापरायचे आहे. त्यानंतर आठवड्याभरात आलेले पाद्री ग्लेन स्मायली यांनी तर हे घर म्हणजे शस्त्रागार आहे, असे आपल्या लोकांना कळवले. स्मायलींनीच तेथे रिचर्ड ग्रेग यांचे अहिंसेवरचे पुस्तक पुढे केले. हे ग्रेग अमेरिकन वकील. १९२५ साली भारतात येऊन साबरमतीच्या आश्रमात राहिलेले. म्हणजे साबरमतीची गोष्ट माँटगोमेरीच्या त्या घरात आली, ती खुर्चीवर पिस्तूल असताना आली. एका रात्रीत झालेले हृदयपरिवर्तन ज्यांना आवडते त्यांना ही हकीकत थोडी गैरसोयीची वाटेल. मला ती विश्वासार्ह वाटते. घरातली कोणतीही जड वस्तू एका दिवसात बाहेर जात नाही.

या चर्चेत कोरेटाबाईंचे पारडे कोणत्या बाजूला असेल? त्यांचा आधीचा इतिहास बोलका आहे. मॅरियनच्या शाळेत असतानाच त्यांनी याच रस्टिनचे व्याख्यान ऐकले होते. अँटिऑक कॉलेजात त्या शांततावादी चळवळीत शिरल्या. १९४८ साली हेन्री वॉलेस यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या अधिवेशनाला विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून गेल्या. पुढे १९६२ साली अण्वस्त्रांविरुद्ध बोलायला स्त्रियांच्या शिष्टमंडळाबरोबर त्या जिनिव्हाला गेल्या होत्या. युद्धविरोधाचे धडे या घरात नवऱ्याने बायकोला दिले, असा आपला समज असेल तर तो सोडलेला बरा. बंदूक ज्या व्यक्तीच्या रक्षणासाठी म्हणून मागितली जात होती, त्या व्यक्तीला बंदुकीविषयी स्वतःचे मत होते आणि ते नवऱ्याच्या मताहून जुने होते, एवढे निश्चित म्हणता येते.

बंदूक गेली म्हणून संकट गेले, असे मात्र नाही. त्याच वर्षी २३ डिसेंबरच्या पहाटे कोणीतरी छऱ्याच्या बंदुकीने त्यांच्या पुढच्या दारावर बार काढला. २७ जानेवारी १९५७ रोजी ओसरीवर डायनामाइटच्या १२ कांड्यांची जुडी सापडली. वात विझली म्हणून ती फुटली नाही. तरी पिस्तुलापेक्षा बिनपिस्तुलाने आपली भीती कमी झाली, असेच किंग सांगत राहिले. १९५९ साली हे दाम्पत्य भारतात महिनाभर हिंडले. मुंबईत ते हॉटेलात न राहता गावदेवीच्या मणिभवनात, गांधीजींच्या त्या जुन्या मुक्कामाच्या जागी, उतरले होते.

येथवर सौ.ला वाचून दाखवले तेव्हा मला वाटले, ती आता म्हणणार, झाले ना! पण ती म्हणाली, “सगळ्यांनीच असं केलं का?”

नाही केले, आणि ते लपवणे म्हणजे इतिहासाच्या नावाने कीर्तन करणे. मिसिसिपीतल्या होम्स परगण्यात हार्टमन टर्नबो नावाचे शेतकरी होते. एप्रिल १९६३ मध्ये ते मतदारयादीत नाव घालायला गेले. मे महिन्यात रात्री त्यांच्या घरावर आगीचे बाँब पडले. बायको आणि मुलगी घरात. टर्नबोनी बंदूक घेतली, हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या आणि ते पळाले. सरकारने काय केले? स्वतःचेच घर जाळल्याचा आरोप ठेवून टर्नबोनाच अटक केली! त्यांच्या पत्नी पुढे बाहेर पडताना कागदी पिशवीत पिस्तूल घेऊन जात, असे सांगतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रो गावात रॉबर्ट विल्यम्स आणि त्यांच्या पत्नी मेबल हे दोघेही एकविचाराने सशस्त्र प्रतिकाराच्या बाजूचे. तेथे ऑक्टोबर १९५७ मध्ये एका कृष्णवर्णीय डॉक्टरच्या घरावर चालून आलेला क्लॅनचा मोटारींचा ताफा बंदुकांच्या माऱ्याने परतवला गेला. या माणसांना भ्याड किंवा अडाणी म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्यांची बंदूक उपयोगी पडली. कारण त्यांच्यावर आलेले लोक समोर येऊन उभे राहिले, आणि हत्याराविषयी घरातल्या दोघांचे एकमत होते.

पण मेडगर एव्हर्स यांचेही घर मिसिसिपीतलेच, जॅक्सन शहरातले. युद्धात सैनिक म्हणून गेलेला माणूस. घरात बंदुका होत्या. घराला पुढचे दारच ठेवलेले नव्हते. दार बाजूला, मोटार उभी करायच्या जागेत. मुलांना आवाज ऐकताच जमिनीवर पालथे पडायला शिकवले होते. १२ जून १९६३ रोजी मध्यरात्रीनंतर ते मोटारीतून उतरले आणि रस्त्यापलीकडच्या झुडपांतून आलेली गोळी त्यांच्या पाठीत शिरली. मर्लीबाई आणि तिन्ही मुले जागी होती. मुले शिकवल्याप्रमाणे जमिनीवर पडली, बाई दाराकडे धावल्या. बंदुका घरातच राहिल्या. मारेकऱ्याला शिक्षा व्हायला १९९४ साल उजाडले. फ्लोरिडातले हॅरी आणि हॅरिएट मूर १९५१ च्या नाताळच्या रात्री, लग्नाला २५ वर्षे झाली त्याच दिवशी, झोपले असताना पलंगाखाली जमिनीच्या पोकळीत ठेवलेल्या बाँबने मारले गेले. अशा शत्रूवर नेम कसा धरायचा?

किंग स्वतः ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिसमध्ये गोळीला बळी पडले. त्यांच्या वृद्ध आईला ३० जून १९७४ रोजी चर्चमध्ये ऑर्गन वाजवताना गोळी घातली गेली. हे मी सौ.ला सांगितले तेव्हा ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, “तुम्ही महिन्यातले आठदहा दिवस बाहेर असता. कधी रत्नागिरी, कधी पुणं. तेव्हा परवाना मागायचाच असेल तर माझ्या नावावर मागा. घरात मी असते.”

मी चकित झालो. “म्हणजे तुझी हरकत नाही?”

“हरकत आहेच. पण ठेवायचीच असेल तर ती कोणाच्या हातात असणार हे आधी ठरवा. मामंजी मांगरात निजायचे तेव्हा बंदूक मांगरात असायची. घरात सासूबाई नि मी. आमच्यापाशी काय होतं?”

“काय होतं?”

“मागचं दार.”

खरे सांगायचे तर अर्ज काढून मी दोन महिने त्याच्याकडे पाहत होतो आणि एवढ्या अवधीत अर्जदार म्हणून तिचे नाव माझ्या मनाला शिवलेही नव्हते. हल्ली परवान्यासाठी शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला लागतो. तो घ्यायला तू जाशील का, असे विचारले. म्हणाली, “जाईन की. पण तुम्ही रात्री-अपरात्री न कळवता घरी येता, ते आधी बंद करा.”

अर्ज तसाच आहे. भाद्रपद उलटल्यावर गावातला वायरमन बोलावून घराच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन मोठे दिवे बसवले. मागल्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, तिला तेल घातले. बंदुकीची पावती पंचांगात ठेवली आहे. सौ.चे म्हणणे, विकायची तर दिवाळीनंतर विका. अडकित्ता मात्र कोणाला देऊ नका.